ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं

२ फेब्रुवारी

भाचेबुवा,

उत्तर आलं! आधी एवढं लिहून टाकतो, खुशाली नंतर.

तू डोंगरावरच्या नोकरीला निघालास त्याच्या आदल्या दिवशी माझ्या मानगुटीवर बसलास, तुझ्या जुन्या फोनमध्ये ते ओळखी जुळवणारं अ‍ॅप घातलंस, माझा फोटो काढलास, माझ्याबद्दल चार ओळी लिहिल्यास आणि 'मामा, आता फक्त बघत राहा' म्हणून गाडीत बसलास. दोन महिने बघत राहिलो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, वाट बघायची सवय असते. तरी मला वाटायला लागलं होतं की चव्वेचाळीस वर्षांचा, घटस्फोट झालेला, चौदा वर्षांच्या मुलीची वेणी घालणारा माणूस दिसला की बायकांचा अंगठा आपोआप पुढे सरकत असणार. आणि परवा सकाळी मी एका लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलेलो असताना खिशात टिंग झालं.

बाई दातांच्या डॉक्टर आहेत रे! तिथे लिहिलंय, 'व्यवसाय: दंतवैद्यक'. आणि पहिला निरोप काय असेल? 'तुमचे खालचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेत. कुणाचं ऐकून सरळ करू नका, चेहऱ्याला शोभतात.' माझ्या चेहऱ्याला काही शोभतं असं गेल्या वीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. मी खड्ड्यातच मोठ्याने हसलो. वरून जोडीदार ओरडला, 'काय रे, शॉक बसला का?'

त्यानंतर रोज चार-सहा निरोप होतात. त्या एक्केचाळीसच्या आहेत, नऊ वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, आईबरोबर राहतात. आई फार बोलते म्हणे. मी लिहिलं, माझी मुलगी फार बघते. पंधरा तारखेला, शनिवारी पाच वाजता एका कॉफीच्या दुकानात भेटायचं ठरलंय. त्यांनीच सुचवलं!

आता पंचाईत ऐक. एक, तू माझ्या नावापुढे 'अभियंता' लिहून ठेवलंयस. माझा बारीक स्क्रू-ड्रायव्हर लपवून ठेवलास तेव्हा रागावलो नव्हतो इतका या शब्दावर रागावलोय. समोर डॉक्टर बसणार आणि मी काय सांगणार? दुसरं, ठिणगीला काहीच सांगितलेलं नाही. तिची आई आणि मी वेगळे झालो त्याला सहा वर्षं झाली, तिकडे दुसरा संसारही झाला, पण ठिणगी या घराची चौकीदार आहे. तिला ओव्हरटाईम आहे म्हणून सांगणार आहे.

काय घालू, काय बोलू, किती हसू, सगळं लिहून पाठव. तुझ्या पद्धतीने, क्रमांक घालून. बुधवारची गाडी चुकवू नकोस.

तुझा,
खड्ड्यातला मामा


५ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र आजच्या गाडीने आलं. पिठाच्या आणि रॉकेलच्या आधी मी ते उतरवून घेतलं. उद्या सकाळी गाडी खाली जाते, म्हणून लगेच उत्तर लिहीत आहे. इथे फोन लागत नाही हे एका अर्थी बरं आहे, मला कागदावर विचार करता येतो. आज साडेपाचच्या नोंदीला वाऱ्याचा वेग ताशी एकतीस किलोमीटर होता. माझ्या छातीत त्याहून जास्त होता. इथल्या हवामान वेधशाळेतले माझ्या वरचे काका म्हणाले, 'लग्न तुझं ठरलंय की मामाचं?' मी म्हणालो, अजून कॉफीच ठरली आहे.

नियम असे आहेत. मी तीनदा तपासले.

१. अर्धा तास आधी पोहोचायचं.

२. कामाचे निळे कपडे घालून जायचं नाही. सगळं बदलायचं, बूटसुद्धा. आकाशी शर्ट घाल, तो तुला चांगला दिसतो. हातांचा ग्रीस साखर आणि साबण लावून कोपरापर्यंत काढायचा. केस पाण्याने बसवायचे.

३. फोन पूर्ण बंद ठेवायचा. नुसता आवाज बंद नाही, फोनच बंद. इथे एक मासिक आहे, त्याचं मुखपृष्ठ गेलं आहे, पण आतला लेख शाबूत आहे. त्यात लिहिलं आहे की बोलता बोलता आपण फोनकडे पाहिलं की समोरच्या माणसाला आपण कमी महत्त्वाचे आहोत असं वाटतं. मी तो लेख दोनदा वाचला.

४. लिफ्टचा ब्रेक कसा काम करतो हे समजावून सांगायचं नाही. आईच्या मैत्रिणीला तू ते एक तास सांगितलं होतंस. ती नंतर कधी आली नाही.

आता 'अभियंता'बद्दल. मामा, तुला आठवतं, या नोकरीचा अर्ज भरताना 'शिक्षण' या रकान्यापाशी मी पाव तास थांबलो होतो? शेवटी 'नववी उत्तीर्ण' लिहिलं, कारण खोटं लिहिताना माझं अक्षर बिघडतं. नोकरी मिळाली, पण तो रकाना माझ्या डोक्यातून जात नाही. तुझी माहिती भरताना 'व्यवसाय' असा रकाना आला आणि मला वाटलं, निदान मामाला तरी त्या रकान्यात कुणी कमी लेखू नये. आठ-आठ मजले माणसं वर-खाली नेणारा माणूस अभियंता नाही तर कोण? आत्ता काही बोलू नकोस. पहिल्या भेटीत शब्द बदलला तर घोळ होईल.

ठिणगीला भेटीनंतर सांग. आधी सांगितलंस तर ती बरोबर येईल.

एकोणीसच्या बुधवारी मी गाडीच्या वाटेवरच उभा असेन. काय झालं ते ताबडतोब लिही.

तुझा,
भाचा


१७ फेब्रुवारी

भाच्या,

चारही नियम पाळले. फोन पूर्ण बंद ठेवला होता. आकाशी शर्ट घातला होता. बाईंना यायला चाळीस मिनिटं उशीर झाला, पण आल्या. त्यांच्याशी बोलणं झालं आणि त्यानंतर मी रस्त्यातून जितका जोरात पळालो तितका शाळेतसुद्धा पळालो नव्हतो. ठिणगीला सगळं कळलं आहे. हा आठवडाभर मी घरीच आहे.

जास्त लिहवत नाही. जेवत जा.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा!!

दोन उद्गारचिन्हं मी सहसा वापरत नाही.

'जास्त लिहवत नाही'! मी हे वाक्य काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'अरे, माणसाला आनंदाने लिहवत नाही तेव्हा समजावं काम फत्ते.' तू रस्त्यातून पळालास! चव्वेचाळिसाव्या वर्षी! मला ते डोळ्यांसमोर दिसत आहे, आकाशी शर्टासकट. आणि आठवडाभर सुट्टी घेतलीस! तापातही कामावर जाणारा तू!

ठिणगीलाही कळलं म्हणजे मोठा डोंगर उतरला. तिने आरडाओरडा केला का? करू दे. दोन दिवसांत तीच बाईंना तुझ्या घोरण्याबद्दल सांगेल.

आज सकाळच्या नोंदीत मी तापमान एका अंशाने चुकलो. सतरा महिन्यांत, म्हणजे आधी शहरातल्या वेधशाळेत काम शिकलो ते पंधरा आणि इथले दोन, असं पहिल्यांदाच झालं. काका ओरडले नाहीत. दुसऱ्या भेटीसाठी काही मुद्दे काढले आहेत. फोन बंद ठेवायचा नियम कायम ठेव, तो उपयोगी पडला असं दिसतं. आणि आता हळूच लिफ्टबद्दल थोडं बोलायला हरकत नाही.

अभिनंदन, मामा. मनापासून.

तुझा,
भाचा


१ मार्च

भाच्या,

तुझं पत्र वाचलं आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला उठलो, कारण बसवेना. मी लपवलं म्हणून तू आनंद केलास, तुझी काही चूक नाही. आता कामाच्या वहीत लिहितो तसं, घडलं त्या क्रमाने सांगतो.

त्या शनिवारी मला आठ मजली इमारतीतल्या लिफ्टचा ब्रेक बसवायचा होता. तीच इमारत, जिचा पत्ता तू माझ्या वहीत दर महिन्याला सुंदर अक्षरात लिहायचास. आमची पद्धत तुला माहीत आहे. काम सुरू करण्याआधी गच्चीवरच्या मशीनरूममधला मेन स्विच पाडायचा, त्यात लोखंडी कडी अडकवायची, कडीला आपलं लाल कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात. कडीला सहा भोकं असतात, कारण कामावर जितकी माणसं तितकी कुलुपं. सगळी निघाल्याशिवाय स्विच वर जात नाही. आणि ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. आत माणूस आहे की नाही हे कुलूपवाल्यालाच ठाऊक, म्हणून मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. माझ्या वस्तादाची दोन बोटं अशीच गेली होती. नव्या पोरांना हा धडा मीच शिकवतो!

काम पावणेचारला संपलं. तुझा पहिला नियम डोक्यात, साडेचारला पोहोचायचं. गच्चीवरच्या नळाला हात धुतले, साखर लावून. कपडे बदलले, जुन्या खिशातलं सगळं नव्या खिशात टाकलं. पॅनेलच्या काचेत बघून केस बसवले. छाती अशी धडधडत होती की मला वाटलं मोटर चालू राहिली की काय. कामाचा आणि तुझा जुना, दोन्ही फोन बंद केले. आणि निघालो. आठ मजले जिन्याने उतरलो, शीळ घालत उतरलो, आणि एकदाही मनात आलं नाही की आपण जिन्याने का उतरतोय!

खाली वॉचमनने चक्क सलाम ठोकला. 'कुणाकडे आला होतात, साहेब?' म्हणाला. तीन वर्षं मला ओळखणारा माणूस, पण निळ्या कपड्यांशिवाय त्याने मला कधी पाहिलेलंच नव्हतं. मला काय वाटायला हवं होतं? मी खूश झालो.

कॉफीच्या दुकानात बसलो. पाच वाजले, सव्वापाच, साडेपाच. पाच चाळीसला त्या आल्या. केस सुटलेले, कपाळ घामाने डबडबलेलं. फोटोपेक्षा छान दिसतात, हे सांगायचं राहून जाईल म्हणून इथेच लिहितो.

म्हणाल्या, 'माफ करा, मी बसणार नाही, सांगायला आले. तुमचा फोन लागेना.'

मी म्हणालो, 'बसा तरी. पाणी घ्या.'

'अहो, आमच्या इमारतीत लिफ्टचा माणूस अडकलाय. आठ मजले जिन्याने उतरले मी. दुपारपासून लिफ्ट बंद, वर त्याचं कुलूप, खाली 'काम चालू आहे'ची पाटी, आणि हाका मारल्या तर आतून आवाज नाही. वॉचमन शपथेवर सांगतोय की तो बाहेर पडलेला नाही. खड्ड्यात पडलाय म्हणतात. अग्निशमनवाले येतायत.'

'कुठली इमारत?' मी विचारलं. विचारता विचारता माझा हात खिशात गेला होता. किल्ली बोटांना लागली.

'ही काय, कोपऱ्यावरची, आठ मजली. त्याचाही फोन बंद. आणि हो, त्याच्या कंपनीने घरी फोन केला तर मुलीने उचलला. ती धावत आलीय बिचारी. खालचं दार उघडलंय ना, आत नुसता काळोख, त्यात वाकून बाबा, बाबा करून ओरडतेय.'

भाच्या, मी उठलो. खुर्ची पडली. बाईंना तिथेच उभं ठेवून पळालो.

ठिणगी दाराच्या कडेला गुडघ्यांवर होती. शेजारी खुर्चीवर एक आजीबाई बसल्या होत्या आणि ठिणगीच्या जाकिटाचं टोक त्यांच्या दोन्ही मुठींत होतं. का, ते मला कळलं नाही. मी हाक मारली. ती वळली आणि माझ्या पोटावर येऊन आदळली. आणि मग मागे सरकली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, केसांकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं.

'ओव्हरटाईम?' म्हणाली.

मी वर जाऊन कुलूप काढून खाली येईपर्यंत ती घरी निघून गेली होती. लोक मला काय काय बोलले ते लिहीत नाही, सगळं रास्त होतं. कंपनीने आठवडाभर घरी बसवलं आणि नव्या पोरांच्या सुरक्षेच्या वर्गात मला पहिल्या बाकावर बसायला लावलं. जो वर्ग मी घ्यायचो.

बाईंनी तेव्हा मला पाहिलं नाही. त्या परत पोहोचल्या तेव्हा लिफ्ट चालू होती. त्यांचा निरोप आला: 'अभियंतासाहेब, माणूस अडकलाय ऐकल्यावर लोक मदतीला धावतात. तुम्ही उलट पळ काढलात. एवढ्यावरून कळलं मला.' मी उत्तर लिहायला घेतलं, चारदा पुसलं. लिफ्टवाला मीच, हे डॉक्टर बाईंना कसं सांगू?

त्याआधीच ठिणगीने निकाल लावला. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी माझ्या पिशवीतून कडी काढून आणली. म्हणाली, 'तुमच्यात नियम आहे ना, कामावर जितकी माणसं तितकी कुलुपं? मग या कामावर मीपण आहे, बाबा. मला न सांगता स्विच वर नाही जायचा.' तुझा तो जुना फोन हत्यारांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, डब्याला कडी घातली. एका भोकात माझं लाल कुलूप, दुसऱ्यात तिच्या सायकलचं.

'त्या दिवशी मला वाटलं होतं, तू गेलास,' म्हणाली. एरवी मला अहो-जाहो करते, तेव्हा तू म्हणाली.

ती म्हणाली ते रास्त आहे. मी माझं कुलूपही काढणार नाही. आता हा विषय बंद. वाईट वाटून घेऊ नकोस, गंमत म्हणून चांगले पंधरा दिवस गेले. खरंच चांगले गेले रे.

मामा


५ मार्च

आठव्या मजल्यावरच्या बाईंना,

सप्रेम नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या इमारतीचा पत्ता मला पाठ आहे, कारण तिथल्या लिफ्टच्या देखभालीची वही कित्येक महिने मी लिहीत असे. माझ्या मामाचं अक्षर चांगलं नाही. ज्यांच्या समोरून माझा मामा पळाला त्याच तुम्ही असाल, तर पुढे वाचावं. नसाल, तर कृपया पत्र आठव्या मजल्यावरच्या, खूप बोलणाऱ्या आईबरोबर राहणाऱ्या बाईंना द्यावं.

तुम्ही मामाला लिहिलंत की माणूस अडकला आहे ऐकून तो पळून गेला. ते तसं नाही. अडकलेला माणूस तोच होता. कुलूप त्याचं होतं, किल्ली त्याच्या खिशात होती आणि खड्ड्यात वाकून ओरडणारी मुलगी त्याची होती. तुम्ही बोलत असताना त्याला हे सगळं एकदम कळलं. तो तुमच्यापासून पळाला नाही, तिच्याकडे धावला. बोलायचं राहिलं.

कुलूप विसरायची चूक मामाची आहे, ती तो मान्य करतो. बाकीच्या माझ्या आहेत. फोन बंद ठेवायला मी सांगितलं. मुलीला नंतर सांग, असंही मीच सांगितलं. आणि 'अभियंता' हा शब्द मी लिहिला. मामा लिफ्ट दुरुस्त करतो. बावीस वर्षं करतो. मला शाळा अर्धी सोडावी लागली, म्हणून रकाने भरताना मला भीती वाटते, आणि ती भीती मी त्याच्या रकान्यात भरली. तो त्या शब्दावर माझ्याशी भांडला होता.

आता फोन एका डब्यात आहे आणि डब्याला दोन कुलुपं आहेत, एक त्याचं आणि एक मुलीचं. म्हणून तुम्हाला उत्तर आलं नाही. मी ते कुलूप उघडायला सांगत नाही, मला तो अधिकार नाही. या पत्राची जशीच्या तशी नक्कल मी आजच मुलीला पाठवत आहे, कारण तिला न सांगता आमच्या घरात आता काही करायचं नाही. मामाला पाठवलेली नाही. तो मला 'गप्प बस' म्हणाला असता.

तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हाला लिफ्टवाला चालणार नसेल तर ते मी समजू शकतो. पण तो भित्रा आहे असं तुम्ही समजून राहू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आपला नम्र,
भाचा (शिक्षण: नववी उत्तीर्ण)


१५ मार्च

डोंगरावरच्या भाचेबुवा,

तुमचं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, 'मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, धावत आलेला आकाशी शर्टवाला तुझ्या फोटोतलाच म्हणून.' खरंच सांगितलं होतं. तिने सांगितलेल्या दहा गोष्टींतल्या नऊ मी ऐकत नाही, ही त्यातलीच निघाली.

आता माझी बाजू ऐका. मी डॉक्टर नाही. मी कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी मागच्या खोलीत बसून दात बसवते, घासते, रंग जुळवते. वीस माणसांच्या तोंडात माझे दात रोज जेवतात, पण त्यातला एकही माणूस मला ओळखत नाही. 'दंतवैद्यक' मी लिहिलं. माझ्याकडे भाचाही नव्हता दोष द्यायला! एक अभियंता मला भेटायला येतोय म्हणून त्या शनिवारी मी दुपारपासून घाबरलेली होते. त्यात लिफ्ट बंद. तुम्हाला काय सांगू, त्या लिफ्टवाल्याला मी पहिले चार मजले शिव्या देत उतरले. उरलेले चार मजले, खालचे आवाज ऐकत, तो जिवंत असावा म्हणत उतरले.

त्या मुलीबद्दल. ती दारात इतकी वाकली होती की मला बघवेना. मी तिचं जाकीट मागून धरून ठेवलं, वीस मिनिटं तरी. ती रागावली नाही, तिला कळलंही नसेल. मग तुमच्या मामांना सांगायला जायचं होतं, म्हणून, लिफ्ट बंद पडल्याने दुपारपासून खालीच अडकून बसलेल्या आईच्या हातात जाकिटाचं टोक दिलं आणि म्हटलं, काही झालं तरी सोडू नकोस. आईने सोडलं नाही. तिची बोटं दोन दिवस दुखत होती.

काल त्याच मुलीची चिठ्ठी आली. अशी: 'दादाचं पत्र वाचलं. बाबा सांगतात की एक आजी माझं जाकीट धरून बसल्या होत्या. त्या तुमच्या आई का? आणि त्यांच्या आधी कुणी धरलं होतं, ते तुम्ही का? असाल तर तीस तारखेला रविवारी चार वाजता आमच्याकडे या. चौथा मजला, लिफ्ट नाही. बाबांना सांगितलेलं नाही. त्यांनाही जरा कळू दे कसं वाटतं.'

मी जाणार आहे. काय घालू कळत नाही. तुमच्याकडे नियम असले तर कृपया पाठवू नका.

कवळीवाली

ता. क. तुमचं अक्षर इतकं देखणं आहे की आईने विचारलं, हा मुलगा प्राध्यापक आहे का. मी तुमचा शेवटचा कंस वाचून दाखवला. म्हणाली, 'मग तर कमालच आहे.'


३१ मार्च

दादा,

बुधवारच्या गाडीत हे मिळेल. काकांना बाजूला बसव आणि वाच, ते मरत असतील ऐकायला.

काल चारला बेल वाजली. बाबा मोरीची नळी मोकळी करत होते. निळे कपडे, कोपरापर्यंत काळे हात, केस असे उभे. मी मुद्दाम म्हटलं, 'बाबा, दार उघडा ना, माझे हात ओले आहेत.' माझे हात कोरडे होते.

त्यांनी दार उघडलं. बाईंना चार मजले चढून धाप लागली होती, बाबांना न चढताच. शेवटी बाबा म्हणाले, 'मी... मी लिफ्टचं काम करतो.'

त्या म्हणाल्या, 'दिसतंय. मी कवळ्या बनवते.'

'डॉक्टर नाही?'

'नाही.'

आणि दादा, बाबा हसायला लागले. दारातच, हातातून काळं पाणी गळत असताना. ते कसे हसतात माहितेय ना, आधी खांदे, मग आवाज. मी ते हसणं विसरून गेले होते. पहिल्यांदा मला वाटलं, अरे, हे आपल्या घरातून कुठे गेलं होतं? मग आठवलं, फेब्रुवारीत होतं. ते रोज सकाळी दाढी करताना हसत होते आणि मला वाटत होतं रेडिओ ऐकतात.

मी त्यांची मुलाखत घेतली. विचारलं, 'बाबांचे खालचे दात सरळ करणार का?' म्हणाल्या, 'हात नाही लावणार.' विचारलं, 'माझ्या आईबद्दल काही म्हणायचंय का?' म्हणाल्या, 'मी त्यांना ओळखत नाही, मग काय म्हणू?' हे उत्तर मला बरं वाटलं. मग मी जाकीट आणून दिलं आणि म्हटलं, 'कसं धरलं होतं, दाखवा.' त्यांनी मागून धरून दाखवलं. मी पुढे वाकले, सगळा भार टाकून. नाही सोडलं.

मग मी डबा आणला. माझी किल्ली गळ्यातच होती. बाबा म्हणाले, 'घाई नाही, बाळा. तुला वाटेल तेव्हा.' मी म्हटलं, 'ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. मला वाटलं, मी काढतेय.' काढलं.

आता बाबांचं लाल कुलूप. किल्ली सापडेना! सगळे खिसे पाहिले, पिशवी उलटी केली. बाई आणि मी हसून खाली बसलो. शेवटी आकाशी शर्टाच्या खिशात मिळाली, तो त्यांनी त्या दिवसापासून धुतलाच नव्हता, घडी करून ठेवला होता. मी शर्टाची पुन्हा तशीच घडी घातली. मला कळतं.

फोन निघाला तर बॅटरी मेलेली. कुणी चार्जला लावला नाही. कशाला हवा? माणूस समोर बसलेला.

जाताना बाईंनी कडी हातात घेऊन बघितली. सहा भोकं मोजली. म्हणाल्या, 'पुढे कधी बंद करायची वेळ आली, तर एक भोक माझं. मला न विचारता तुम्ही दोघांनीच ठरवायचं नाही.' बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'कुलूप स्वतःचं आणायचं.' पुढच्या रविवारी आणतायत, आजींनाही घेऊन. आजींना चार मजले कसे चढवायचे याचा बाबा आत्तापासून नकाशा काढतायत, खुर्ची आणि दोर वगैरे. तुझा चौथा नियम मोडून त्यांनी बाईंना ब्रेक कसा काम करतो ते पाऊण तास समजावलं. त्या गेल्या नाहीत. उलट प्रश्न विचारत होत्या.

कडी आता दाराच्या खिळ्याला टांगली आहे, रिकामी. त्यातलं एक भोक तुझं आहे, बाबांनी तसं सांगायला सांगितलंय. मे महिन्यात सुट्टीवर येशील तेव्हा कुलूप घेऊन ये. आणि दादा, किल्ली कुठल्या खिशात ठेवलीस ते येतानाच मला सांगून ठेव. या घरातल्या माणसांचा मला आता भरवसा नाही.

तुझी,
ठिणगी